दूध वर येईपर्यंतची कविता

“दूध वर येईस्तोवर सुचंल तेवढंच. जास्तीचं मांजराला!” असं म्हणत शेजारच्या मावशी गॅसवर पातेलं ठेवायच्या आणि रांगोळीचा डबा घेऊन अंगणात उकिडव्या बसायच्या. दौंडला रेल्वे कॉलनीमागच्या आमच्या चाळीत तुम्ही सकाळी आला असतात, तर त्यांच्या दारात ठिपक्यांऐवजी शब्द दिसले असते. पावसावरच्या चार ओळी छत्रीच्या आकारात, उन्हाळ्यावरच्या माठाच्या.

मलाही त्यांनी नादी लावलं. मी शब्दांची किटली काढली, तर म्हणाल्या, “हत्ती झ्याक जमलाय. पर दूध गेलं की गं तुझं!” ते खरंच उतू गेलं होतं.

मावशींचा एकुलता मुलगा कारेगावला खोली घेऊन कंपनीत कामाला होता. सुट्टीला मोटारसायकलवरून घरी यायचा. भीमेला पूर आला त्या आठवड्यात गाडी पुलाजवळ सापडली. तो सापडलाच नाही.

पाणी ओसरल्यावर भांडगावहून मावशींचे भाऊ आले. “आक्का, आता दहावं करून टाकू.” सुतकात दारी रांगोळी काढत नाहीत, हे मावशींना का ठाऊक नव्हतं? त्यांनी डबा उचलला. “माझ्या दारात रांगोळी हाय. मंग सुतक कुणाचं?”

तेव्हापासून आकार एकच. लक्ष्मीची काढतात तशी पावलं, पण मोठी, पुरुषाची, फाटकापासून उंबऱ्याकडे येणारी. प्रत्येक पावलात एक-दोन शब्द. भिजलास. ये. पाय पूस. चहा ठेवलाय. घरात दूध करपायचं, वास चाळभर पसरायचा आणि मावशी फाटकाकडे बघत बसलेल्या असायच्या. खोटं कशाला बोलू, सकाळी दार उघडायची मला भीती वाटायची. ती पावलं कालच्यापेक्षा पुढे सरकली आहेत असं वाटायचं.

दिवाळीनंतर एका सकाळी करपल्याचा वास आला नाही. मी बाहेर आले. पावलं होती, पण उंबऱ्यापासून फाटकाकडे निघालेली. वाचत वाचत मी मागोमाग गेले. जा. बाळा. सावकाश. जा.

“भावाला फोन लाव गं,” मावशी म्हणाल्या. “दहावं करायचंय म्हणावं.”

आता त्या भावाकडे असतात. अंगणात फरशी बसली, खोलीत नवं बिऱ्हाड आलं. परवा तिथल्या बाईंनी विचारलं, “ताई, अंगणातनं तुम्ही समदी अशी कडंकडंनं का चालता?”

मधे पाय देववत नाही, एवढंच मला सांगता आलं.