शेजारणीसाठी निघालेली आक्का

अमळनेरहून धुळ्याला जाणाऱ्या आमच्या एसटीत धुळे जिल्ह्यातल्या एका थांब्यावर चढलेली एक म्हातारी आक्का सीटचे दांडे धरत एकेकापाशी जात होती. समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवल्याशिवाय तिला बोलताच येत नसे. तिच्या शेजारच्या सुताराची बायको सीमेपलीकडून लग्न होऊन आलेली. व्हिसा वाढला नाही म्हणून तिला देश सोडायला सांगितलं होतं. नवरा आणि दोन लेकरं मात्र इथेच राहणार होती.

"कलेक्टर हापिसवर मन्हासंगे चला," आक्का विनवत होती.

"पण ती परकी आहे ना?" मागून एकाने विचारलं.

आक्काने त्याच्याही खांद्यावर हात ठेवला. "मी बी लगीन करीसन परगावहूनच उनू, भाऊ. माले कोनी परत जाय म्हनं नई."

धुळ्याला आम्ही काही प्रवासी आक्काबरोबर उतरलो, तोही उतरला. ऑफिसच्या दारात सुताराची बायको, लेकरं आणि त्यांच्या गल्लीतले लोक आधीच जमले होते. दुपारी साहेबांनी सांगितलं, वरून निर्णय येईपर्यंत तिला राहता येईल. सुताराची बायको रडत आक्काच्या पाया पडायला वाकली. आक्काने तिला वरच्यावर धरलं.

"चाल माय, पोरे भुक्या शेतस."

पुढे निर्णय काय आला, मला ठाऊक नाही. त्या दिवशी मात्र धाकटं पोर आईचा पदर धरून घरी गेलं, ते मी पाहिलं.