आपटेसाहेबांचा पाऊस

मुरुडला भर आषाढात आभाळ कोसळत असताना आपटेसाहेब ताडपत्री ताणून खरा पाऊस बाहेर ठेवत आणि तिच्याखाली झारीने खोटा पाऊस पाडत. पहिल्या दिवशी मला वाटलं, माणूस कामातून गेला. विचारलं तर म्हणाले, "अहो, हा पाऊस बेशिस्त आहे. कधी तिरका, कधी जाड. याच्यावर सही कोण करणार?"

विजेची तार खांबावर टांगतात ती चिनी मातीच्या इन्सुलेटरवर, म्हणजे वीज खांबात उतरत नाही. पण त्यावर मिठाचा थर बसून भिजला, की वीज त्यावरूनच वाट काढते; बार होतो आणि अंधार. समुद्रकाठासाठी साहेबांनी घेरदार झालरींचा इन्सुलेटर स्वतः आखला होता. स्वातंत्र्यानंतर सुरू झालेलं आमचं चाचणी केंद्र म्हणजे वाळूवरची शेड, भलामोठा ट्रान्सफॉर्मर, स्विच सांभाळणारा मी आणि झाडलोट करणारी जनाबाय कोळीण. संध्याकाळी निघताना साहेब मला नाही, इन्सुलेटरला सांगत, "येतो हं."

शेवटी मुंबईहून तीन अधिकारी आले. इन्सुलेटर टिकला तर किनाऱ्याच्या सगळ्या खांबांवर चढणार, नाहीतर केंद्राला टाळं. आदल्या दिवशी साहेबांनी तो न्हाऊमाखू घालावा तसा पुसून टांगला होता. बाहेर धो धो पाऊस होताच. अधिकारी छत्र्या मिटून ताडपत्रीखाली शिरले आणि साहेबांनी झारी चालू केली. मी विजेचा दाब चढवत नेला. निम्म्यावर गेलो नाही तोच निळा लोळ उठला, कान बधिर करणारा बार झाला आणि थोरले अधिकारी झारीखाली जाऊन बसले. त्यांची पँट नियमानुसार भिजली.

वीज तोडल्यावर साहेबांनी इन्सुलेटरवर बोट फिरवून जिभेला लावलं. मीही लावलं. गोडसर, खारट. नारळाचं पाणी!

जनाबाय कोपऱ्यात हात जोडून उभी होती. मी दबक्या आवाजात विचारलं, तर कौतुकाने म्हणाली, "नवी होरी दर्यान सोरताना नारल फोरतान ना? सायबाची होरी आज सुटायची व्हती. मीच फोरला, पहाटं."

अधिकाऱ्यांनी कारण विचारलं. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. साहेबांनी माझा दंड असा दाबला की काय सांगावं.

"झालरींचा घेर कमी पडला," ते म्हणाले. "आखणीत चूक आहे."

अधिकारी गेल्यावर मी संतापलो. एक वाक्य बोलला असतात तर उद्या पुन्हा चाचणी झाली असती! साहेब झारी पुसत होते. "आणि तिच्यावर ठपका? इतकी वर्षं माझ्या या मडक्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. एका बाईने त्याला घरची होडी मानलं. तिचं नाव दोष म्हणून लिहू?"

मला आजही ते पटत नाही, आणि आजही त्यांच्यासारखा दुसरा माणूस मला भेटलेला नाही.

पुढे केंद्र बंद झालं. साहेबांची बदली मुंबईच्या एका कोंदट कचेरीत झाली. लाँच सुटताना जनाबाय धक्क्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होती, "आमचे सायबाला बढती मिलाली. नारल मीच फोरलेला."

साहेब कठड्यावरून वाकले आणि म्हणाले, "व्हय, जनाबाय. त्यानंच झालं."