वहीतला पेटका

सकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी उस्ताद हातात स्टॉपवॉच घेऊन तलावाच्या काठावर उकिडवे बसले होते. पाण्याखाली आठ जवान कठडा धरून, दम रोखून होते. दर पंधरा सेकंदांनी उस्ताद काठीने एकेकाचा खांदा टोचत. जवानाने बोट वर करून ‘ठीक’ कळवायचं. बोट उशिरा आलं की माणूस बाहेर.

"उस्ताद, अजून दम होता की!"

"होता ना? मग घरी घेऊन जा."

एकवीस वर्षं त्यांचा एकच नियम होता: बुडी मारण्याआधी तीन साधे श्वास, बस्स. भराभर श्वास घेतले की वेळ वाढतो, छाती नाही. गुदमरल्याची जाणीव तेवढी उशिरा होते आणि माणूस पाण्यातच गपकन बेशुद्ध होतो.

शेजारच्या तुकडीचा धाकटा उस्ताद यांच्याच हाताखाली तयार झालेला. तो मात्र पोरांना भात्यासारखे तीस श्वास घ्यायला लावी. फलकावर त्याच्या तुकडीची सरासरी दोन मिनिटं वीस सेकंद, यांची एक पस्तीस.

सात वाजता साहेबांनी बोलावलं.

"तुमच्याच पोरांना दम का नाही?"

"साहेब, ती पद्धत जीवघेणी आहे. गेल्या महिन्यात त्याच्या एका जवानाला मीच बेशुद्ध बाहेर ओढलं."

साहेबांनी अपघातवही पुढे सरकवली. ‘पायात पेटका. किरकोळ.’ खाली उस्तादांची सही.

त्या दिवशी धाकट्याने हात जोडले होते, "दादा, पोरगी दोन महिन्यांची आहे हो." दादांनी सही ठोकली होती.

"सही माझी आहे, साहेब. मजकूर खोटा आहे."

"तेव्हा खोटं लिहिलंत. मग आज खरं बोलताय कशावरून?"

धाकट्याला आत बोलावलं. तो ताठ उभा राहिला, नजर समोरच्या भिंतीवर.

"पेटकाच होता, साहेब."

दुपारी बायकोने ताट वाढता वाढता विचारलं, "काय झालं?"

"भांडारात बसवलं. टॉवेल मोजायला."

"आणि तो? दादा दादा करत इथे जेवायला यायचा तो?"

"त्याला माझी तुकडी दिली."

उस्तादांनी पहिला घास हातातच धरून ठेवला.

संध्याकाळी फलकावर आदेश लागला. उद्या सव्वापाचला दोन्ही तुकड्या एकत्र पाण्यात, सोळा जवान. काठावर देखरेखीला माणूस एक.