वाळू कुठची घेतली

जगावर संकट आलंय हे मला डहाणूच्या एका एसी हॉलमध्ये कळलं. पडद्यावर पृथ्वीचा गोळा, त्यावर लाल डाग. मुंबईहून आलेले साहेब सांगत होते, बर्फ वितळतोय, समुद्र चढतोय, आणि याला पहिलं तोंड गावाला द्यायचंय, तेव्हा प्रत्येक ग्रामपंचायतीने आपापला आराखडा करावा. किनाऱ्यापासून पार तलासरीच्या पाड्यांपर्यंतचे आम्ही सगळे सदस्य गारठून बसलो होतो. माझ्या शेजारची बाई डोक्यावरून पदर घेऊन चक्क झोपली होती.

मी नोटाबंदीच्या आदल्या वर्षी निवडून आले होते. जागा बायकांसाठी राखीव होती आणि सासऱ्यांचं वजन होतं, म्हणून. मी सही करीन, चहा पिईन आणि घरी येईन असं सगळ्यांनी धरलं होतं. मीही तसंच धरलं होतं, खोटं कशाला बोलू? पण त्या दिवशी उठले आणि विचारलं, साहेब, तुमचा समुद्र चढणार आहे तो चढू दे, आमचा कधीच चढलाय. आमच्या स्मशानातली सुरूची झाडं मुळांसकट आडवी पडलीत. त्याचं काय करायचं?

साहेब म्हणाले, फार चांगला प्रश्न आहे. मग म्हणाले, संबंधित खात्याशी संपर्क साधा. मग जेवण झालं.

स्मशानासाठी मी इतकी का भांडते, असं गावात पुष्कळांना वाटायचं. नरपडच्या पुढे किनाऱ्याकिनाऱ्याने गेलं की आमचं गाव. चिकूच्या वाड्या संपतात तिथे सुरूचं बन, आणि बनाच्या अलीकडे चितेची शेड. शेडचं मला काही नव्हतं. ती वाहून गेली तर पंचायत दुसरी बांधेल. मला बनाचं होतं. माझी पहिली मुलगी त्या बनात आहे. दात यायच्या आधीच गेली. एवढ्या लहान मुलाला अग्नी देत नाहीत आमच्यात, वाळूत ठेवतात. नवरा तेव्हा वापीला कंपनीत होता, निरोप पोचून येईपर्यंत सगळं उरकलं होतं. सासऱ्यांनी आणि धाकट्या दिरांनी तिला नेलं.

बायका स्मशानात जात नाहीत हे तर सगळीकडेच आहे. आमच्यात आणखी एक आहे. मूल कुठे ठेवलं ते आईला सांगायचं नाही. सांगितलं तर ती तिथे जाऊन बसेल, मग तिची कूस पुन्हा भरणार नाही, असं म्हणतात. जागेवर खूणसुद्धा ठेवत नाहीत. मी भावजींना किती वेळा विचारलं असेल! नंतर मला दोन मुलं झाली, शिकली, तरी विचारत राहिले. भावजी सरळ माणूस, माझ्याशी कधी खोटं बोलले नाहीत. पण हे विचारलं की उठून अंगणात जायचे. मला त्यांचा इतका राग यायचा की दोन दोन दिवस मी त्यांना ताट वाढायची, पण बोलायची नाही. रस्त्यावरून बन दिसायचं तेवढंच माझं. त्या बनातली झाडं एकेक करून पडायला लागली, तेव्हा मला काय वाटत होतं ते मी कुठल्या साहेबाला सांगणार होते?

तर आम्ही आराखडा केला. स्मशानालगत धूपप्रतिबंधक बंधारा, असं त्यात पहिल्या नंबरवर घातलं. ग्रामसेवक म्हणाले, ताई, हे पंचायतीच्या आवाक्यातलं नाही. म्हटलं, घाला. मग सुरू झालं. बंदराच्या खात्याकडे गेलो, ते म्हणाले आधी वनखात्याचं पत्र आणा. वनखातं म्हणालं, भरतीच्या रेषेच्या आतलं आमचं नाही. महसूलवाले म्हणाले, तिथे मनुष्यवस्ती कुठे आहे? मी म्हटलं, आहे. त्यांना वाटलं बाई चेष्टा करते. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी अशातली गत. तिकडे पडद्यावर म्हणे जगाचं संकट, आणि इकडे ते अडवायला जगात एकही टेबल नाही. चारोटी नाक्यावर बस बदलत उन्हात उभी असताना मी मोठमोठ्याने शिव्या द्यायचे. लोक बघायचे, बघू देत.

दुसऱ्या पावसाळ्यात बनाचा निम्मा भाग गेला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी सभेत सांगितलं, आता कुणाची वाट बघायची नाही. पोत्यात वाळू भरू, पोती रचू, एक पावसाळा तरी निघेल. सरपंच हो म्हणाले, कारण त्यात पंचायतीचं काही जात नव्हतं. चिकूच्या एका गुजराती व्यापाऱ्याने रिकामी पोती दिली, म्हणाला, “बेन, लई जाव,” म्हणजे घेऊन जा. प्रश्न राहिला वाळूचा. बाहेरून वाळू आणायची तर ट्रॅक्टर रस्त्यातच पकडणार, वाळू काढायला बंदी. समोरच्या ओल्या वाळूला हात लावला तर तो खड्डा समुद्रच भरून घेणार. मग आम्हा बायकांतच ठरलं की बनाच्या मागच्या अंगाला उंचवटा आहे, कोरडी, मऊ वाळू आहे, तिथली घ्यायची. मीच म्हटलं. सगळ्यांना पटलं.

श्रमदान म्हटलं की आमच्याकडे बायका. बाप्ये सकाळी बोईसर नाहीतर वापीची गाडी पकडतात, नाहीतर होडीवर असतात. त्या दिवशी तीस-पस्तीस बायका जमल्या. स्मशानाच्या फाटकापाशी एक म्हातारी आडवी आली, बायकांनी आत पाय ठेवू नये म्हणाली. मी म्हटलं, आजी, तो समुद्र काय तुम्हाला विचारून आत येतो? हसत हसत सगळ्या आत शिरल्या. म्हातारीही आली, मागून.

दिवस मजेत गेला, हे लिहितानाही जिवावर येतं, पण गेला. एकमेकींच्या सुनांवरून, नवऱ्यांवरून काय काय चाललं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्या बनात उभी होते. प्रत्येक झाडाखाली बघत होते आणि हात कामात होते. वाळू खणताना मध्येच चपटे दगड लागत होते. किनाऱ्याच्या वाळूत असे दगड कुठून आले, याचं नवल वाटलं, पण बरंच झालं, पायाला दगड मिळाले, म्हणून आम्ही ते उचलून पोत्यांच्या खाली घातले. संध्याकाळपर्यंत छातीइतका बांध उभा राहिला. ग्रामसेवकांनी आम्हाला बांधापुढे उभं करून फोटो काढला. मी पुढेच आहे त्यात, हातात फावडं.

भावजी साडेसहाच्या गाडीने आले. मी म्हटलं, चला, बघा तरी आम्ही काय केलंय. मला कौतुक हवं होतं, त्यांचंच. ते आले, बांध बघितला, हात लावून बघितला. मग मागे वळले आणि उंचवट्याच्या जागी झालेल्या खड्ड्याकडे बघत राहिले.

“वहिनी, वाळू कुठची घेतली?”

मी खड्ड्याकडे हात केला. भावजी खालीच बसले. बांधाच्या पायातला एक दगड त्यांनी चाचपून पाहिला आणि हात काढून घेतला.

“कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड ठेवतो आम्ही,” ते म्हणाले. “इथेच ठेवतो सगळी पोरं.”

आपली पोरगीही, असं मी विचारलं. त्यांनी मान खाली घातली.

मी रडले नाही. मला राग आला, असा राग की डोळ्यापुढे अंधारी आली. कुणाचा ते कळेना. भावजींचा, सासऱ्यांचा, ज्याने कुणी ही रीत काढली त्याचा, आणि माझ्या दोन्ही हातांचा. गावातल्या प्रत्येक बाप्याला ती जागा ठाऊक होती. आणि ज्या बायकांना ठाऊक असायला हवी होती, त्यांनी दिवसभर तिथे फावडी मारली, हसत हसत. कुणी सांगितलं असतं तर? एकाने तरी?

मी लपवलं नाही. त्याच रात्री दारोदार जाऊन सांगितलं. कुणी मला घरात घेतलं, कुणी नाही. एकीने भर ओटीवर मला वाटेल ते बोलून घेतलं आणि मी ऐकून घेतलं, माझ्या स्वभावाच्या माणसाने. तिची दोन होती तिथे. सकाळी पुन्हा सगळ्या फाटकापाशी आल्या. काहींचं म्हणणं, पोती उपसून वाळू होती तिथे टाकू. काही म्हणाल्या, कुणाची वाळू कुठल्या पोत्यात गेली ते देवाला तरी माहीत आहे का, राहू दे तशीच. शेवटी कुणी पोत्याला हात लावला नाही. फावडीही पुन्हा उचलली नाहीत.

मृगाच्या अमावास्येला उधाण आलं. वारा होता, पाऊस होता. पोती फुटली. पुढून बांध गेला आणि मागे आम्हीच करून ठेवलेला खड्डा, त्यात समुद्र सरळ शिरला. आम्ही हात लावला नसता तर उंचवटा कदाचित त्या पावसात टिकला असता. कदाचित नसता. हे कदाचित माझ्या डोक्यातून जात नाही.

पावसाळा सरला आणि तालुक्याहून निरोप आला की आमच्या पंचायतीचा सत्कार आहे. फोटो वर पोचला होता. बांध वाहून गेल्याचं कुणी विचारलंच नव्हतं. तोच हॉल, तोच गोळा पडद्यावर, आणि त्याच्या जागी मग आमचा फोटो. लोकसहभागातून हवामान बदलाला उत्तर, असं खाली लिहिलेलं. शाल दिली, श्रीफळ दिलं, आणि दोन शब्द बोला म्हणाले.

मी माइक घेतला आणि सांगितलं. बांध राहिला नाही, हे सांगितलं. वाळू कुठची होती तेही सांगितलं. तुमच्या टेबलांनी दोन वर्षं आम्हाला फिरवलं नसतं तर आम्ही ती खणली नसती, हे सुद्धा. पहिल्या रांगेतल्या साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग सूत्रसंचालक बाईने माझे आभार मानले आणि पुढच्या पंचायतीचं नाव पुकारलं.

घरी आले ती शाल खुंटीला टांगून सरळ भावजींकडे गेले. ते पडवीत बसले होते. म्हटलं, आता तरी दाखवा. मला वाटलं, उठून अंगणात जातील. ते उठले, पण अंगणात थांबले नाहीत, किनाऱ्याच्या वाटेला लागले. मी मागून.

ओहोटी होती. बन संपलं होतं, उंचवट्याच्या जागी पाणी होतं, एखाददुसरा बुंधा चिखलात उभा होता. भावजी एका बुंध्यापासून अंदाज घेत पाण्यात शिरले, थोडे डावीकडे सरकले, परत उजवीकडे आले. गुडघाभर पाण्यात थांबले.

“इथे,” म्हणाले.

मी साडी न सावरताच गेले आणि ते होते तिथे उभी राहिले. पाणी गढूळ होतं, खालचं काही दिसत नव्हतं. पायांनी चाचपलं. तळव्याखालची वाळू लाटेबरोबर निघून जात होती आणि दुसरी येत होती. मी तिचं नाव घेतलं, मोठ्याने, पहिल्यांदाच त्यांच्यासमोर. भावजी तोंड फिरवून उभे होते. पाणी मांडीपर्यंत आलं तेव्हा त्यांनी माझं कोपर धरलं आणि म्हणाले, “वहिनी, चला आता. भरती लागली.”