मास्टरांनी ऐकलेली कादंबरी

गडचांदूरच्या आमच्या गल्लीत तयार शर्ट घालून फिरायला हिंमत लागायची. कपडे शिवणारे मास्टर दुकानात बसल्या बसल्या माणसाला खांद्यापासून मनगटापर्यंत न्याहाळत आणि म्हणत, "रेडिमेड म्हंजे कोनासाठीच नाई शिवलेलं." माणूस ओशाळायचा, पण मास्टर काही खोटं बोलत नसत.

मी शाळेत शिकवत होते आणि त्यांच्या दुकानावरच्या खोलीत भाड्याने राहत होते. एका रविवारी ब्लाउजची बाही सैल करायला दिली नि तिथेच कादंबरी उघडून बसले. "काय वाचून राह्यल्या बाई?" मास्टरांनी विचारलं. एकाच इमारतीत राहणाऱ्या, अबोला धरलेल्या दोन म्हाताऱ्यांची गोष्ट आहे, असं मी सांगितलं. "मंग मोठ्यानं वाचा ना. डोळे कपड्याले, कान तुमाले." तेव्हापासून दर रविवारी आमचं वाचन सुरू झालं.

मास्टर निमूट ऐकणाऱ्यातले नव्हते. गोष्टीतला म्हातारा एकटाच जेवायला बसला की ते मशीन थांबवून त्याला झापत, "अबे, समोरच्या दारात तं जायचं! पाय मोडले का तुये?" मला हसू यायचं, कारण मास्टरांचंही तेच होतं. बायको गेल्यापासून ते एकटेच. पलीकडच्या गल्लीतले वामनराव त्यांचे जिवलग दोस्त, पण दोघांत कित्येक वर्षांचा अबोला. गुन्हा काय, तर वामनरावांनी पोराच्या लग्नात रेडिमेड कोट घातला! "त्यानं आधी बोलावं, मंग मी बोलन," एवढंच मास्टर म्हणत. हे सगळं त्यांच्या तोंडावर सांगण्याच्या भानगडीत मी पडले नाही. मला कपडे शिवून घ्यायचे होते.

कादंबरीचं शेवटचं प्रकरण उरलं, त्याच आठवड्यात कळलं की वामनराव घर विकून मुलाकडे नागपूरला कायमचे चालले. रविवारी संध्याकाळी मी पुस्तक उघडलं, तर मास्टर उठून चपला शोधू लागले.

"थांबा बाई. आधी मी जाऊन येतो. पुस्तकात त्यायचं जमलं, तं लोकं म्हनतीन, मास्टर पुस्तक आयकून गेला."

थोड्याच वेळात परत आले. दाराला कुलूप होतं. मुलाने सकाळीच वडिलांना नेलं होतं. मास्टर एका पँटची चांगली शिवण उगाच उसवत बसले. मला फार वाईट वाटलं.

"फोन करा ना," मी म्हटलं.

"काय बोलू? इतक्या सालानं?"

पण मोबाइल काढलाच. नंबर त्यांच्याकडे होता. आवाज मोठा करून त्यांनी तो मशीनवर ठेवला. पलीकडून लगेच आलं, "मास्टर?" म्हणजे नंबर तिकडेही होता.

"आयक फक्त," मास्टर म्हणाले. "वाचा बाई."

मी वाचलं. एक म्हातारा दुसऱ्याचं दार ठोठावतो, दुसरा चहा टाकतो, एवढंच त्यात होतं. मध्ये एकदा वाटलं फोन कट झाला, पण नागपुरातल्या कुकरची शिट्टी ऐकू आली. प्रकरण संपलं.

मग वामनराव खाकरले. "हे तं शेवटचं झालं. मले सुरुवातीपासून सांग ना, मास्टर."

मास्टरांनी नाक पुसलं.

"दोन बुढे राह्यतेत," ते म्हणाले, "दोघंबी बेअक्कल."