घाबरलेला कर्नेल आणि बावीस हळदीची गाणी

आमच्या घरचा कॉम्प्युटर मी दुरुस्त केल्यामुळे बंद पडला. त्याआधी तो व्यवस्थित चालत होता.

मी तारापूरच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करतो आणि सरावलीला राहतो. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर मी विंडोज काढून लिनक्स ही सिस्टिम बसवली होती (कुणीही सांगितलेलं नसताना). माझ्या बायकोने, सुलभाने, त्यावर तिच्या आईच्या आवाजातली हळदीची बावीस गाणी साठवली होती. सासूबाई किनाऱ्यावरच्या गावातल्या. त्यांची गाणी कुठल्या पुस्तकात सापडायची नाहीत. नंतर त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज बोलण्यापुरता उरला; तेव्हापासून त्या आमच्याकडेच असतात. आता शनिवारी मासवणला सुलभाच्या थोरल्या बहिणीच्या मुलीची, तेजूची हळद होती. मांडवात आजीचीच गाणी वाजली पाहिजेत, एवढा एकच हट्ट तेजूने धरला होता.

गुरुवारी संध्याकाळी सुलभाने ती गाणी पेनड्राइव्हवर घ्यायला सांगितलं. काम पाच मिनिटांचं. पण स्क्रीनच्या कोपऱ्यात ‘जागा कमी आहे’ अशी सूचना दिसली आणि माझ्यातला तंत्रज्ञ जागा झाला. कॉम्प्युटर सुरू होताना कर्नेल नावाचा प्रोग्रॅम आधी उठतो आणि मग तो बाकीच्यांना उठवतो. माझ्याकडे असे चार कर्नेल निघाले, तीन जुने आणि एक नवा. एका घरात चार कशाला, म्हणून मी तिन्ही जुने पुसले आणि मोठ्या समाधानाने कॉम्प्युटर बंद करून चालू केला.

नवा कर्नेल जागेअभावी अर्धवटच बसला होता, हे मला तेव्हा कळलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावली आणि सगळं थिजलं.

सुलभाने काय लिहिलंय ते विचारलं. पडद्यावर इंग्रजीत ‘कर्नेल पॅनिक’ असं होतं. मी शब्दशः भाषांतर करून सांगितलं, “कर्नेल घाबरलाय.”

सासूबाई शेजारी वालाच्या शेंगा सोलत होत्या. त्या म्हणाल्या, “कोन कर्नल? मिलट्रीतला मानूस, नि घाबरतो कशाला?”

मी म्हटलं, “मी जुने तिघे काढून टाकले, आई. त्यामुळे गाणी अडकली.”

याहून वाईट उत्तर मला सुचलं नसतं. गाण्यांची दुसरी प्रत कुठे ठेवलीय, असं सुलभाने विचारलं. दुसरी प्रत नव्हतीच. ती आत गेली आणि पोळ्या जरा जोरात लाटू लागली.

शुक्रवारी मी रजा टाकली आणि कॉम्प्युटर स्कूटरवर घालून बोईसरच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने नुसतं बघितलं आणि तो म्हणाला, “फॉरमॅट मार देता हूँ, सर. सब साफ हो जाएगा.” मी कॉम्प्युटर छातीशी धरून दुकानाबाहेर आलो.

घरी पोचतो तर दारात माझे साडू, म्हणजे तेजूचे वडील, दोन दुधी भोपळे घेऊन उभे. मुलीची हळद उद्यावर आलेली आणि हा माणूस मासवणहून इथे! सासूबाईंनी सकाळी फोन करून त्यांना सगळं कळवलं होतं: जावयाने कर्नलसाहेबांची माणसं काढली, त्यांनी गाणी अडवून ठेवली.

“चल, आमी येतो तुज्यासंगं,” साडू मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले. “माफी मागू. मोठा मानूस हाय, ऐकल तो.”

मी त्यांना पुन्हा पुन्हा समजावलं. त्यांनी मान डोलावली, पण भोपळे काही खाली ठेवले नाहीत.

शेवटी मी आमच्या कारखान्यातले कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या जाधव मॅडमना फोन केला. त्या कामावरून सुटून थेट घरी आल्या, त्यांनी खिशातला लिनक्स भरलेला पेनड्राइव्ह लावला आणि कॉम्प्युटर त्यावरूनच सुरू केला. गाण्यांचा फोल्डर जागच्या जागी होता. पहिल्याच फाइलमधून सासूबाईंचा जुना, भरदार आवाज बाहेर आला. सासूबाई पदराने चष्मा पुसत बसल्या. मॅडमनी नवा कर्नेल नीट बसवला आणि सोबत एक जुनाही ठेवला. “हा पुसायचा नाही,” त्या मला म्हणाल्या. साडूंनी भोपळे त्यांच्या हाती दिले आणि वर नमस्कार केला.

शनिवारी मांडवात गाणी वाजली. बायका गात होत्या, तेजू रडत-हसत होती, आणि मला वाटलं, सुटलो. चौथं गाणं संपलं. त्या वेळचं रेकॉर्डिंग मात्र पुढे चालूच राहिलं होतं, आणि लाउडस्पीकरवरून माझा आवाज अख्ख्या मासवणला ऐकू गेला: “आई, तुम्ही निर्धास्त गा. ही सिस्टिम मी स्वतः बसवलीय. हिला काहीसुद्धा होत नाही.”

त्या संध्याकाळी बावीस गाणी एकेकदा वाजली. माझं ते बोलणं मात्र लोकांनी तीनदा पुन्हा लावायला सांगितलं.