पिंजाऱ्याचा श्वास

मोबाइलमधली बाई विचारायची, "आज आपला श्वास कसा आहे?" चाचा डोक्यावरची टोपी सारखी करायचे, फोन तोंडाजवळ धरायचे आणि म्हणायचे, "मेहरबानी आहे बेटी. तू कशी आहे?"

"चाचा, तिला ऐकू येत नाही. नुसता रंग दाबायचा. हिरवा म्हणजे बरं, लाल म्हणजे त्रास."

"मालूम आहे मले. पण कोणी खुशाली इचारली त जवाब नको द्याले?"

मी चिखलीत छातीच्या डॉक्टरांकडे नर्स आहे. दम्याच्या पेशंटच्या फोनवर अ‍ॅप बसवून द्यायचं, रोज सकाळी नळीत फुंकून आलेला आकडा त्यात कसा भरायचा ते शिकवायचं, हे माझं काम. तुम्हीही पाहिलं असेल, लोक चार दिवस भरतात आणि कंटाळतात. चाचांचा आकडा मात्र कधी चुकला नाही.

चाचा पिंजारी. पुढे गाद्या भरायचं दुकान, मागे एक खोली. चाची वारलेल्या, एकुलती मुलगी सुरतेला सासरी. उंद्रीच्या, धामणगाव बढ्याच्या बाया लग्नाच्या गाद्या भरायला घरचा कापूस घेऊन यायच्या आणि तो बदलला जाऊ नये म्हणून गादी शिवून होईपर्यंत समोर बसून राहायच्या.

"बाया मायावर नजर ठेवाले बसते," चाचा हसायचे, "अन् मायी करमणूक होते."

कोणाच्या सुनेला दिवस गेले, कोणाचा जावई रुसला, सगळं त्यांना त्या कापसाच्या ढिगापाशी कळायचं. बोलता बोलता धाप लागली की बोट वर करून थांबायला सांगायचे आणि पंप ओढून पुढचं बोलायचे.

अ‍ॅपमधली आकड्यांची रेघ शुक्रवारी वर चढायची, म्हणजे श्वास मोकळा असायचा. त्या दिवशी दुकान बंद असायचं. डॉक्टरांनी ती रेघ दाखवून सांगितलं, "चाचा, कापसाची धूळ तुम्हाला चालत नाही. हे काम सोडावं लागेल."

"दवा वाढवा ना साहेब."

"दवा वाढवून भागणार नाही."

चाचांनी ऐकलं नाही. मग लग्नसराईत एका सकाळी आमच्या कॉम्प्युटरवर त्यांचं नाव लाल झालं. मी फोन लावला. पलीकडून नुसती शिटीसारखी घरघर. कंपाउंडरच्या गाडीवर बसून पोचले, तर चाचा कापसात गुडघ्यांवर हात टेकून वाकलेले, ओठ निळे पडलेले. गादीवाली बाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत रडत होती.

वाचले. बरे झाल्यावर त्यांनी कापूस पिंजायचं यंत्र विकून टाकलं.

त्यानंतर रोज हिरवा. डॉक्टर दुसऱ्या पेशंटना कौतुकाने चाचांची रेघ दाखवायचे. एका दुपारी मी सहज दुकानाकडे वळले. शटर अर्धं उघडं होतं. फरशी लख्ख झाडलेली, कापसाचा एक पुंजका नाही. चाचा भिंतीला टेकून बसले होते.

"आता दम लागत नाही ना चाचा?"

"दिवसभर बोलाचंच नाही, त दम काऊन लागन बेटी?"

मी चहा केला. तो आम्ही दोघांनी प्यायला.

पुढे ते बोलावलं नसतानाही दवाखान्यात येऊ लागले. बाकावर बसून नव्या पेशंटना पंप शिकवायचे. "आधी सारा श्वास सोड. आता दाब, अन् ओढ. घाई नोको करू बे!" संध्याकाळी दवाखाना बंद करताना सगळ्यांत शेवटी तेच उठायचे.

शेवटी मी त्यांच्या मुलीला फोन केला. ती त्यांना सुरतेला न्यायला आली. चाचा तयार होईनात. "पोरीच्या घरी राहणं बरं नाही दिसत."

मुलगी म्हणाली, "अब्बा, मायी सासू पंप नीट ओढतच नाही. तिले कोण शिकवन?"

ते खरं होतं की नाही, मला माहीत नाही. चाचांनी बराच वेळ दाढी खाजवली. "मंग त जावंच लागन," म्हणाले.

मलकापूरच्या एसटीत बसवायला मी गेले होते. मलकापूरहून पुढे सुरतेची रेल्वे. चाचा खिडकीशी बसले, मुलगी शेजारी. गाडी सुटली, स्टँडवरची धूळ उडाली, तसा त्यांनी रुमाल नाकातोंडावर धरला. डोळे तेवढे दिसत होते. ते हसत होते की नाही, मला कळलं नाही. मी हात हलवत राहिले.